जमीन सरकते म्हणणारा हवामानवाला

वणीहून उकणी किंवा घोन्साच्या बाजूला कधी गाडीवर गेला असाल, तर घरी आल्यावर रुमालाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कोळशाच्या ट्रकमागून उडणारी काळी धूळ नाकात, कानात, कॉलरवर. शिव्या द्या, हरकत नाही. पण ही धूळ म्हणजे साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा चुरा आहे, हेही लक्षात असू द्या. त्या जंगलात एक झाड फार होतं. ग्लॉसोप्टेरिस त्याचं नाव. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर. आपल्या कोळशाच्या पट्ट्यात खडकांवर त्याचे ठसे सापडतात. तसेच ते दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि चक्क अंटार्क्टिकावरही सापडतात.

आता तुम्हीच सांगा, मधे हजारो किलोमीटर समुद्र असताना एकच झाड या सगळीकडे गेलं कसं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या भूवैज्ञानिकांचं उत्तर ठरलेलं होतं. खंडांच्या मधे पूर्वी जमिनीचे लांबलचक पूल होते आणि नंतर ते समुद्रात बुडाले. हे उत्तर एका माणसाला पटलं नाही. पूल वगैरे काही नव्हतं, जमीनच एकसंध होती, ती फाटली आणि तुकडे दूर सरकत गेले, असं तो म्हणाला. गंमत म्हणजे हा माणूस भूवैज्ञानिक नव्हताच. तो हवामानाचा अभ्यासक होता. नाव आल्फ्रेड वेगनर. भूगोलाच्या पुस्तकात खंडवहनाच्या धड्यात तुम्हाला तो भेटलेला आहे, चार मार्कांपुरता. त्या चार मार्कांत न मावणारा माणूस आज जरा नीट बघू.

वेगनरचा जन्म १ नोव्हेंबर १८८० चा, बर्लिनचा. वडील धर्मोपदेशक आणि जुन्या भाषांचे शिक्षक. पाच भावंडांत हा धाकटा. कॉलेजात त्याने खगोलशास्त्र घेतलं, १९०५ मध्ये त्यातच डॉक्टरेट केली आणि लगेच ते सोडूनही दिलं. दुर्बिणीला डोळा लावून एका जागी बसणं त्याला जमणारं नव्हतं. त्याचा ओढा हवेकडे होता, तेही अगदी शब्दशः. मोठा भाऊ कुर्ट आणि तो, दोघे हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी फुग्यात बसून वर जायचे. एप्रिल १९०६ मध्ये हे दोघे भाऊ सलग ५२ तासांहून जास्त वेळ हवेत राहिले. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.

त्याच वर्षी तो पहिल्यांदा ग्रीनलंडला गेला, एका डॅनिश मोहिमेबरोबर. त्या मोहिमेचा नेता आणि त्याचे दोन साथीदार बर्फातच मेले. वेगनर परत आला. पण ग्रीनलंड काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे आयुष्यात तो तिथे आणखी तीनदा गेला आणि चौथ्यांदा गेला तो गेलाच. ते नंतर सांगतो.

परत आल्यावर मारबुर्गच्या विद्यापीठात तो शिकवायला लागला. पोरं त्याच्यावर खूश असायची, कारण अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्याला सवय होती. १९१० च्या नाताळात एका सहकाऱ्याकडे नवा नकाशासंग्रह आला. तो चाळताना अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्याची नजर थांबली. ब्राझीलचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत बसतोय की! तुम्ही म्हणाल, हे तर कुणालाही दिसतं. बरोबर आहे. त्याच्याआधीही बऱ्याच जणांना दिसलं होतं. फरक पुढे पडला. १९११ मध्ये त्याच्या हाती एक अहवाल लागला. समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखेच जीवाश्म सापडतात, त्यांची ती जंत्री होती. मग वेगनर झपाटल्यासारखा कामाला लागला. कुठल्या खंडावर कुठले खडक, कुठले डोंगर कुठे तुटतात आणि समुद्रापलीकडे कुठे पुन्हा सुरू होतात, कुठे जुन्या हिमनद्यांच्या खुणा आहेत, असं सगळं तो गोळा करत सुटला. आणि ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफुर्टमध्ये भूवैज्ञानिकांच्या सभेत उभा राहून त्याने आपलं म्हणणं मांडलं. वय ३१. विषय दुसऱ्यांचा. समोर बसलेले बहुतेक त्याच्याहून वयाने मोठे. स्वागत कसं झालं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

इथे जरा थांबून आपल्या भागाकडे या. कारण वेगनरच्या पुराव्यांतला एक जाडजूड धागा आपल्याच मुलखातून जातो.

गोंडवाना हा शब्द तुम्ही हजारदा ऐकला असेल. आज तो जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहे, अर्जेंटिनापासून ऑस्ट्रेलियापर्यंत. आला कुठून? आपल्या इथल्या गोंडांच्या देशावरून. इंग्रजांच्या काळातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटने १८७० च्या दशकात मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या खडकांना हे नाव दिलं. पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूसने दक्षिणेकडच्या अख्ख्या जुन्या भूभागालाच गोंडवाना म्हटलं. आणि त्या खडकांतली पानं गोळा करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक होता स्टीफन हिस्लॉप. हो, तोच, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजवाला. १८४५ मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी शाळा चालवायचा, गोंडांची गाणी लिहून घ्यायचा आणि फावल्या वेळात खडक फोडत फिरायचा. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. त्याने आणि त्याच्या हंटर नावाच्या सोबत्याने नागपूरच्या आसपास जमवलेल्या पानांचे नमुने लंडनला गेले होते. वेगनर कधी भारतात आला नाही. पण अशाच अनेकांनी खिशात, पोत्यात भरून आणलेल्या दगडांवर त्याचा सिद्धांत उभा राहिला.

दुसरी गोष्ट तर याहून भन्नाट आहे. १८७५ मध्ये फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने चंद्रपूरजवळ इरई इथं चुनखडकावर घासल्याच्या, ओरखडल्याच्या खुणा नोंदवल्या. हा चुनखडक पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फार जुन्या खडकांपैकी, वणी-मुकुटबनकडे जो आहे त्याच जातीचा. आणि खुणा कशाच्या? बर्फाच्या! हिमनदी सरकताना तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकाला घासत नेतात, तसल्या. ज्या चंद्रपूर-यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे हिमनदी? हिमालयाचं नावनिशाण नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. सगळ्यांनी डोकं खाजवलं. वेगनरचं म्हणणं सरळ होतं. इथे बर्फ होता, कारण ही जमीन तेव्हा इथे नव्हतीच. ती दक्षिण ध्रुवाकडे होती. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे तुकडे एकत्र जोडा, मग त्यांच्यावरच्या हिमखुणा एकाच मोठ्या बर्फाच्या टोपीत बसतात. हवामान कळणाऱ्या माणसालाच हे सुचू शकत होतं, असं मला वाटतं.

१९१२ मध्येच तो पुन्हा ग्रीनलंडला गेला. सोबत डेन्मार्कचा कोख आणि आणखी दोघे, आणि आइसलँडची तट्टं. बर्फाच्या पठारावरच त्यांनी हिवाळा काढला आणि मग ग्रीनलंड त्याच्या रुंद भागात पार केलं. कोख कपारीत पडून पाय मोडून बसला. खाणं संपलं. तट्टं एकेक करून गेली. शेवटी सोबतचा कुत्राही मारून खावा लागला, आणि त्यानंतर लगेचच मदत मिळाली. आल्यावर वेगनरने एल्झशी लग्न केलं. एल्झ ही व्लादिमीर क्योपेनची मुलगी. भूगोलवाल्यांनो, हवामानाचे प्रकार पाठ करताना ज्याच्या नावाने तुम्ही कपाळाला हात लावता, तोच क्योपेन. सासरेबुवांनी जावयाला आधी समजावून पाहिलं की बाबा, आपलं हवामान सोडून दुसऱ्याच्या शेतात कशाला शिरतोस. जावई ऐकणारा नव्हता. पुढे सासराच त्याच्या बाजूने झाला आणि १९२४ मध्ये दोघांनी मिळून प्राचीन काळातल्या हवामानावर पुस्तक लिहिलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वेगनरला आघाडीवर जावं लागलं. तो दोनदा जखमी झाला. या दुखण्याच्या सुट्टीत त्याने आपलं पुस्तक लिहून काढलं, खंड आणि महासागर कसे झाले यावरचं. १९१५ मध्ये ते आलं, शंभर पानांच्याही आतलं. नंतर त्याच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या, दर वेळी नवे पुरावे घालून.

मग भांडण कशावरून होतं? बलावरून. म्हणजे ढकलणार कोण, यावरून.

विज्ञानशाखेच्या पोरांना हा प्रश्न चटकन कळेल. एवढे मोठे खंड सरकतात, तर त्यांच्यावर लागणारं बल कुठलं, किती, आणि ते खडकाला फाडायला पुरेसं आहे का? वेगनरने दोन उत्तरं दिली. एक म्हणजे पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताजवळ फुगीर असते, त्यामुळे खंडांवर ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे नेणारं एक बारीकसं बल लागतं. दुसरं म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीचं, जे खंडांना पश्चिमेकडे रेटतं. दोन्ही बलं खरी आहेत. फक्त भलतीच दुबळी आहेत. केंब्रिजच्या हॅरोल्ड जेफ्रीजने आकडेमोड करून दाखवलं की ती गरजेच्या मानाने लाखो पटींनी कमी पडतात. भरतीच्या ओढीत खंड हलवण्याइतका जोर असता, तर त्या जोराने पृथ्वीचं फिरणंच वर्षभरात थांबवलं असतं, असा त्याचा हिशेब होता. शिवाय वेगनरच्या चित्रात खंड हे समुद्रतळाच्या खडकातून नांगर चालावा तसे चालत होते. समुद्रतळाचा खडक काही लोणी नाही.

जेफ्रीजचा हिशेब बरोबर होता, हे मान्य करायला हवं. वेगनरची गोष्ट सांगताना बरेच जण त्याला संत करतात आणि विरोधकांना मूर्ख ठरवतात. तसं नव्हतं. वेगनरच्या स्वतःच्याही चुका होत्या. ग्रीनलंड युरोपपासून दरवर्षी कित्येक मीटर दूर जातंय, असं तो मानायचा. जुन्या आणि नव्या रेखांशाच्या मोजण्यांत जो फरक यायचा, तो मोजणीतला घोळ होता. प्रत्यक्षातला वेग दोन-एक सेंटीमीटर, नख वाढतं त्याच्या जवळपासचा. हे विरोधकांच्या हाती आयतं कोलीत होतं. पण बल चुकलं म्हणून पुरावाच खोटा, इथे मात्र ते घसरले. ग्लॉसोप्टेरिसचं पान तर तिथेच होतं ना? बल सापडलं नाही म्हणून पान काही अदृश्य होत नाही. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला तेल शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या संघटनेने या विषयावर परिसंवाद घेतला. त्यात बहुतेकांनी त्याच्या सिद्धांतावर झोड उठवली. जर्मनीत त्याला प्राध्यापकपद मिळालं नाही. ते मिळालं १९२४ मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला.

खरं उत्तर त्याच्या हयातीतच कुणीतरी मांडलं होतं. १९२८ च्या सुमारास इंग्लंडचा आर्थर होम्स म्हणत होता की किरणोत्सर्गामुळे पृथ्वीच्या पोटात उष्णता तयार होते, त्याने खालचा खडक अतिशय संथपणे वर-खाली फिरत असेल, आणि हे प्रवाह खंडांना वाहून नेत असतील. वेगनरने आपल्या १९२९ च्या शेवटच्या आवृत्तीत अशा प्रवाहांची शक्यता नोंदवली. बलाचा प्रश्न आपल्याला सुटलेला नाही, या विषयातला न्यूटन अजून यायचाय, अशा अर्थाची कबुलीही त्याने दिली. पण होम्सचा विचार तपासायचा कसा? त्यासाठी जी आकडेमोड लागते ती कागद-पेन्सिलवर होणारी नव्हती. आणि कॉम्प्युटर जन्माला यायचा होता.

एक गोष्ट राहिली, ती सांगून टाकतो. चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे की आदळण्याचे, हा तेव्हा वादाचा विषय होता. वेगनरने काय करावं? सिमेंटची भुकटी पसरली, तिच्यावर वरून भुकटीचेच गोळे टाकले आणि पडलेल्या खड्ड्यांची मापं चंद्राच्या खड्ड्यांशी ताडून पाहिली. खड्डे आदळूनच झाले, हा त्याचा निष्कर्ष बरोबर निघाला. मोठ्या गोष्टीची छोटी नक्कल करून बघणं, हे त्याच्या अंगातच होतं. खंड फाटण्याची नक्कल मात्र भुकटीत होण्यासारखी नव्हती.

१९३० मध्ये तो शेवटचा ग्रीनलंडला गेला, या वेळी मोहिमेचा प्रमुख म्हणून. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या ऐन मध्यावर एक ठाणं उभारायचं आणि वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्यायच्या, असा बेत होता. सुरुवातीपासून सगळं लांबत गेलं. किनाऱ्याच्या बर्फाने आठवडेच्या आठवडे खाल्ले. पंखे लावलेल्या मोटरच्या घसरगाड्या आणल्या होत्या, त्या चालल्या नाहीत. मधल्या ठाण्यावर गेओर्गी आणि सोर्ग हे दोघे पोहोचले होते, पण त्यांचा हिवाळ्याचा साठा अपुरा होता. सप्टेंबरच्या शेवटी वेगनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाला. बरोबर फ्रिट्झ लोव्ह आणि तेरा ग्रीनलंडवासी. थंडी इतकी वाढली की एकेक जण मागे फिरला. राहिले तिघे. वेगनर, लोव्ह आणि रास्मुस विल्लुम्सेन नावाचा २३ वर्षांचा तरुण. म्हणजे तुमच्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठा.

चाळीस दिवस लागले. तापमान उणे ५० च्याही खाली. ३० ऑक्टोबरला ते पोहोचले, आणि पोहोचवायचा साठा वाटेतच संपला होता. ठाण्यावरच्या दोघांनी तोवर बर्फात गुहा खोदून, आहे त्यात हिवाळा काढायचं ठरवलं होतं. लोव्हच्या पायाची बोटं गोठली होती. ती पुढे साध्या चाकूने कापावी लागली. तो तिथेच राहिला. तिघांपुरतं अन्न होतं, पाचांपुरतं नव्हतं. म्हणून १ नोव्हेंबरला वेगनर आणि विल्लुम्सेन परत किनाऱ्याकडे निघाले. त्या दिवशी वेगनरला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती.

ते किनाऱ्यावर पोहोचलेच नाहीत. पुढच्या वर्षी १२ मे ला, साधारण अर्ध्या वाटेवर, बर्फात उभ्या रोवलेल्या स्कीच्या जोडीखाली वेगनरचा देह सापडला. विल्लुम्सेनने त्याला नीट गुंडाळून पुरलं होतं आणि जागा सापडावी म्हणून खूण केली होती. बहुधा श्रमाने हृदय बंद पडलं असावं. वेगनरची डायरी घेऊन विल्लुम्सेन पुढे निघाला, आणि तो आजपर्यंत सापडलेला नाही. पुस्तकांत वेगनरच्या मृत्यूवर परिच्छेद असतो, या पोराच्या वाट्याला एक ओळ येते. वेगनरला तिथेच बर्फात ठेवलं गेलं.

यानंतर जवळपास तीस वर्षं खंडवहन हा थट्टेचा विषय राहिला. मग समुद्रतळाचे नकाशे तयार झाले. अमेरिकेत मेरी थार्पने खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग काढली आणि तिच्या माथ्यावर खचदरी दाखवली. तिथे समुद्रतळ फाटतो आणि नवा खडक वर येतो. म्हणजे खंड नांगरासारखे चालत नव्हते. खंड आणि समुद्रतळ मिळून एक भूपट्ट होतो आणि अख्खा भूपट्टच सरकतो. वेगनरचं सरकणं बरोबर निघालं, नांगर चुकला.

आणि आता कॉम्प्युटर. १९६५ मध्ये केंब्रिजच्या बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी वेगनरचं ते नकाशावरचं कोडं कॉम्प्युटरला घातलं. किनाऱ्याची रेषा त्यांनी घेतली नाही, कारण ती समुद्राच्या पातळीबरोबर बदलते. पाण्याखाली साधारण ९०० मीटरवरची, खंडाची खरी कड घेतली. कॉम्प्युटरने तुकडे गोलावर फिरवून सर्वांत कमी फट कुठे राहते ते शोधलं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका इतक्या चपखल बसल्या की डोळ्यांनी जुळवलंय, हा आक्षेपच संपला. जेफ्रीजला तरी ते पटलं नाही. ते तो मरेपर्यंत.

जुळणी झाली, पण बलाचं काय? ते १९७० च्या दशकात बऱ्यापैकी उलगडलं. १९७५ मध्ये फोर्सिथ आणि उयेडा यांनी सगळ्या भूपट्टांचे वेग आणि त्यांच्यावरची बलं यांचा एकत्र हिशेब मांडला. ज्या भूपट्टाची कड समुद्रात खाली बुडतेय, तो जोरात पळतो, असं त्यातून दिसलं. दोरीवर ओली चादर टाकलीत आणि एका बाजूला जास्त लोंबली, की बाकीची आपोआप ओढली जाते ना? तसंच. थंड, जड समुद्रतळ खाली घसरतो आणि मागचा भूपट्ट ओढून घेतो. वेगनर वरून रेटणारं बल शोधत होता. मुख्य ओढ खालून होती.

मग खंड फाटतो कसा? आज हा प्रश्न कॉम्प्युटर मॉडेलवर सोडवतात, आणि त्याची रीत कळायला फार गणित नको. पृथ्वीचा एक उभा काप घ्या, काहीशे किलोमीटर रुंद आणि शंभर-दोनशे किलोमीटर खोल. त्याचे हजारो बारीक चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनाला सांगा, तुझा खडक कुठला, तापमान किती, ताकद किती. वरचा खडक थंड, तो तडकतो. खालचा तापलेला, तो ताणला जातो. गुळाची ढेप थंडीत फोडायला बत्ता लागतो आणि तोच गूळ पाकात तापला की त्याची तार निघते, तसं. मग कापाची दोन टोकं वर्षाला सेंटीमीटरभर ओढायला लावा. कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनावरचा ताण काढतो, त्याला थोडं हलवतो, उष्णता कुठून कुठे गेली ते बघतो आणि पुन्हा सुरुवात करतो. अशा हजारो फेऱ्या. चौकोन पाडून हिशेब करायची ही युक्ती हवामानवाल्यांनी आधी वापरली. १९२२ मध्ये रिचर्डसनने हाताने आकडेमोड करून सहा तासांचं हवामान काढायचा प्रयत्न केला होता. उत्तर साफ चुकलं, पण रीत टिकली. वेगनरचंच क्षेत्र, बघा.

या मॉडेलमधून एक मजेशीर गोष्ट दिसते. खंड ताणला म्हणजे तो फाटेलच असं नाही. भराभर ओढला तर खालचा गरम खडक वर येतो, मधला भाग आणखी मऊ होतो आणि तुकडे पडतात. पण हळू ओढला, तर वर आलेला खडक मधल्या काळात थंड होऊन घट्ट होतो. ताण थांबतो किंवा दुसरीकडे जातो. मागे उरते एक खचलेली, अर्धवट फाटलेली दरी. शिवाय फाटायची जागा बहुधा जुन्या सांध्याचीच असते, उसवलेल्या शिवणीवरच कापड फाटावं तशी.

अशी एक अर्धवट खचदरी तुमच्या पायाखाली आहे. प्राणहिता-गोदावरीची दरी. दोन अतिप्राचीन भूखंडांच्या, धारवाड आणि बस्तरच्या सांध्यावर ती खचली. वणी-चंद्रपूरचं वर्धा खोऱ्यातलं कोळसाक्षेत्र हे तिचं वायव्येकडचं टोक. जमीन खचत गेली, नद्या तिच्यात गाळ भरत गेल्या, ग्लॉसोप्टेरिसची जंगलं गाडली गेली. जमीन खचली म्हणून कोळसा एवढा जाड साठला, आणि पुरती फाटली नाही म्हणून तो आपल्याकडे राहिला. फाटली असती तर वणी आणि गडचिरोलीच्या मधे समुद्र असता!

नंतर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला आणि यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग त्याखाली गेला. वणी-पांढरकवडा भागातल्या शिबला-पारडीला २०२१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना दगडाचे षटकोनी खांब निघाले होते, आठवतं? गावोगावी त्याची चर्चा झाली. कुणी घडवलेले नाहीत ते. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना ताण येतो, ताण असह्य झाला की खडक ठरावीक कोनात तडकतो. उन्हाळ्यात कापसाच्या रानात काळ्या मातीला पडतात त्या भेगा बघा, भाऊच त्यांचा. त्याच सुमाराला पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटत होता. तिथे ताण जिंकला.

भारत तेव्हा आजच्या तिप्पट वेगाने उत्तरेकडे धावत होता, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर. का, यावर वाद आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांसह २००७ मध्ये भूकंपलहरींवरून दाखवलं की भारताचा भूपट्ट जेमतेम १०० किलोमीटर जाड आहे. गोंडवानाच्या इतर तुकड्यांची जाडी १८० ते ३००. मुळं झडली म्हणून तो हलका धावला, असं त्यांचं म्हणणं.

आज तोच भारत हिमालयाला टेकून उभा आहे आणि मागून रेटा चालूच आहे. तो ताण अख्ख्या द्वीपकल्पात पसरतो आणि जुन्या भेगांवर जास्त जाणवतो. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ रिश्टरचा भूकंप झाला, गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत भांडी वाजली. तो याच गोदावरीच्या दरीतला. १९६९ मध्ये भद्राचलमला झाला तोही. अमुक दिवशी भूकंप होईल, असं मॉडेल सांगत नाही. कुणी सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका. ते एवढंच सांगतं की खडक असा असेल आणि रेटा एवढा असेल, तर ताण इथे साठेल. खडक कसा आहे याचा अंदाज चुकला तर उत्तरही चुकतं, मग कॉम्प्युटर कितीही महागडा असो.

कॉम्प्युटर सायन्सला असाल किंवा नुसता लॅपटॉप असेल, तर एक करून बघा. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी केलेलं जीप्लेट्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते उघडा आणि काळाची पट्टी मागे ओढा. हिमालय उलगडतो, भारत खाली सरकतो, मादागास्करला जाऊन चिकटतो, मग अंटार्क्टिकाला. यवतमाळवर बोट ठेवा आणि ते कुठे कुठे जातं ते बघा. मग पट्टी पुढे आणा आणि वर, नकाशाच्या डोक्याशी ग्रीनलंडकडे बघा. तेही युरोपपासून दूर चाललंय, वर्षाला दोनेक सेंटीमीटरने. १९३१ च्या मे महिन्यापासून आजपर्यंत साधारण दोन मीटर. वेगनर अजून तिथेच आहे, बर्फात.